काठाचे त्रिकोण

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ घेतला. बोलले नाहीत!

अपेक्षा सातव्या महिन्याचं पोट सांभाळत वाकली. "तात्या, तिळगूळ घ्या, गोड बोला." तात्यांनी हात पुढे केला, लाडू उचलला, तोंडात टाकला आणि पेपर वर धरला. झाली संक्रांत! लग्नाला दोन वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांनी माझ्या सुनेशी अजून एक शब्द काढलेला नाही. टोमणा नाही, शिवी नाही, काहीच नाही. भांडले असते तर मीही भांडले असते. मूग गिळून बसलेल्या माणसाशी काय भांडायचं?

कारण ते सांगत नाहीत. सांगायची गरजही नाही. यज्ञेशनं कशेळ्याच्या बौद्ध घरातली मुलगी केली, रजिस्टर लग्न केलं आणि शेलूला फ्लॅट घेतला. बस.

आज मात्र अपेक्षा स्वयंपाकघरात येऊन शांतपणे म्हणाली, "आई, मला चालतं. मी मोठी आहे. पण बाळाला घेऊन मी या घरात येणार नाही. तात्या स्वतःहून माझ्याशी बोलेपर्यंत नाही. बाळानं हे बघत मोठं व्हायचं नाही."

मी वांग्याची भाजी ढवळत राहिले. करपली.

काय चुकलं तिचं? काही नाही. पण हे गेल्यापासून या भिसेगावच्या घरात तात्या आणि मी, दोघंच. एक चमचा पडला तरी दचकायला होतं. नातवंड इथे रांगायला हवंय मला. हवंय म्हणजे हवंय!

जाताना तिनं एक पिशवी दिली. आत तिच्या आईचं, चंद्राबाईंचं, निळं सुती लुगडं. "बाळाच्या गोधडीत तुमच्या साडीबरोबर हेही लावा म्हणाली आई."

१६ जानेवारी, गुरुवार

अपेक्षा नेरळला आर्किटेक्टकडे काम करते. तिनं मागेच माझ्या लॅपटॉपवर गोधडीची डिझाइनं करायचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. आज उघडलं. चौकोन निवडायचा, रंग भरायचा, किती हवेत ते सांगायचं, आख्खी गोधडी समोर! मी तासभर नुसती रंग बदलत बसले. साठीला आलेली बाई, पण हसू आवरेना.

सरळ चौकोन मला आवडत नाहीत. बाथरूमच्या फरश्या वाटतात. एक बटण आहे, ते दाबलं की सगळे चौकोन टोकावर उभे राहतात, शंकरपाळ्यांसारखे. तेच ठरवलं. निळे चंद्राबाईंच्या लुगड्याचे, हिरवे माझ्या साडीचे. यज्ञेशच्या वेळी डोहाळजेवणाला नेसले होते ती साडी. अजून मऊ आहे.

अपेक्षाला चित्र पाठवलं. तिनं एक लाल बदाम पाठवला. एवढ्यानं बरं वाटतं मला. भोळीच आहे मी.

१७ जानेवारी

गॅस संपला. गोधडी नाही, काही नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

कपाळ माझं!

निळं कापड कापलं. आधी तेच, कारण तेच अवघड. लुगडं मधे इतकं विरलंय की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. धड कापड दोन्ही टोकांना, थोडंसंच. मी नीट कागदाचा साचा केला, शिलाईचं पाव-पाव इंच सोडलं, बारा चौकोन कापले. आणि जमिनीवर मांडून बघते तर काय, गोधडी कसली, हात पुसायचा टॉवेल!

सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट लिहिलंय चौकोन आठ इंच. मीही आठच मोजले. परत मोजले. आठच. मग डिझाइनमध्ये चौतीस इंच रुंदी येते ती माझ्या जमिनीवर का येत नाही?

चंद्राबाईंनी विश्वासानं दिलेलं कापड. दुसरं कुठून आणू?

जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

तात्यांनी पकडलं.

सकाळी ते चहाचा कप घेऊन आले, जमिनीवरच्या त्या निळ्या पसाऱ्यापाशी थांबले. तीस वर्षं जमिनीची मोजणी केली त्यांनी, मोजमाप दिसलं की पाय पुढे जात नाही.

"काय हे? रुमाल?"

"गोधडी."

"आठ कुठून कुठे मोजलेस?"

मी पट्टी ठेवून दाखवलं. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत.

"अगं, हा कर्ण झाला! यंत्र आठ म्हणतंय ती बाजू. बाजू आठ असेल तर कर्ण सव्वाअकरा येतो. तिरका ठेवला म्हणून चौकोनाची बाजू बदलते होय?"

मग डोक्यात प्रकाश पडला. रांगोळी! जन्मभर मी ठिपक्यांची रांगोळी काढत आले. तिथे तिरक्या चौकोनाची टोकं ठिपक्यांवर असतात आणि आपण ठिपका ते ठिपकाच मोजतो. बाजू कोण मोजतंय? हात सवयीनं तिकडेच गेला.

"आधी सांगायचं ना, तात्या!"

"आधी विचारायचं."

आले मोठे! पण मग खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. हे कसं मोजतं, ते कसं मोजतं. मी म्हटलं, मला काय माहीत, अपेक्षाला विचारा, तिनं घालून दिलंय. उठले आणि गेले.

२८ जानेवारी, मंगळवार

आज मजा झाली. लिहिताना अजून हसू येतंय.

तिरके चौकोन लावले की गोधडीच्या कडेनं त्रिकोणी खळगे राहतात. ते भरायला काठाचे त्रिकोण लागतात. सॉफ्टवेअर म्हणतं, मोठा चौकोन घ्या आणि दोन्ही कर्णांवर कापून त्याचे चार करा. तात्या म्हणाले, "मूर्खपणा. आठचा चौकोन घे, अर्धा काप, झाले दोन." मी अपेक्षाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मुद्दामच!

"आई, त्यांना सांगा, तसं कापलं तर बाहेरची कड तिरक्या धाग्यावर येते. ताणते."

"तिला सांग, कापड आहे, रबर नाही."

"त्यांना सांगा, रुमाल घेऊन बघा. आधी सरळ ओढा, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात."

मी काही सांगतच नव्हते. दोघं एकमेकांचं चांगलं ऐकत होते. मी मधे नुसती मान हलवत बसलेली, इकडे एकदा, तिकडे एकदा. तात्यांनी खिशातून रुमाल काढला. सरळ ओढला. तिरका ओढला. रुमाल चांगला दोन बोटं लांबला. परत ओढला.

"तिला सांग," तात्या म्हणाले, "बरोबर आहे."

मी आनंदानं ओरडलेच फोनवर. "ऐकलंस का गं?"

"ऐकलं. पण ते तुम्हाला सांगितलं त्यांनी. मधे तुम्ही आहात, आई. हे धरायचं नाही."

बरोबर आहे तिचं. तरी पण! दोन वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याबद्दल काही म्हणाले आणि ते 'बरोबर आहे' असं म्हणाले. मी संध्याकाळी शिरा केला. तात्यांनी विचारलं, आज काय आहे? म्हटलं, काही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं विस्कटलं.

निळे छोटे चौकोन वाया गेले होते. उरला होता लुगड्याच्या टोकाचा एक चिंचोळा पट्टा. त्यातून आठचा चौकोन निघत नव्हता, पण काठाचे त्रिकोण छान बसत होते. मी खूश! मधले सगळे अख्खे चौकोन हिरवे, काठाला निळे त्रिकोण. सॉफ्टवेअरमध्ये रंग भरले, सुरेख दिसलं. बाजारात जाऊन रंगीत प्रिंट काढली, फोटो पाठवला अपेक्षाला.

तिचं उत्तर: "आई, माझ्या आईचं सगळं काठावर. आणि अर्धं."

बस. एवढंच.

आधी मला रागच आला. इतकं काय लावून घ्यायचं! कापड नव्हतं म्हणून केलं. मनात तरी आलं होतं का माझ्या? देवाशपथ नाही! मोठा खुलासा लिहायला घेतला, पट्ट्याची रुंदी, त्रिकोणाची उंची, सगळं. मग ती प्रिंट पुन्हा समोर धरली. तिच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. हिरवं मधे ऐसपैस बसलंय आणि निळं सगळं कडेला, अर्धं कापून.

मनात आलं नव्हतं हेच खरं. आणि तरी हात तिथेच गेला.

खुलासा पुसून टाकला. "चुकलं माझं" एवढंच पाठवलं. वाचलंय तिनं. उत्तर नाही.

४ फेब्रुवारी

उत्तर नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यज्ञेशला फोन केला. म्हणाला, "आई, तिला जरा वेळ दे. तुझ्यावर रागावली नाहीये. तुझ्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं तिला, एवढंच." एवढंच! लागलं मला.

दुपारी तात्या विचारतात, "तिचा फोन नाही आला आज? कोपऱ्याच्या त्रिकोणाचं विचारायचं होतं."

माझा बांध फुटला. "कसा येईल? दोन वर्षं तुम्ही तिला काठावर उभं केलंत, आणि मी तेच कापडात करून दाखवलं! तिच्या आईचं अर्धं कापून लावलं. आणि आता कुठल्या तोंडानं तिनं फोन करायचा? तुमच्यासाठी? तुमचे त्रिकोण बसावेत म्हणून?"

सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं बोलू नये. बोलले. तात्या खोलीत गेले. ताट तसंच राहिलं. मीही बोलवायला गेले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जमलं! जमलं, जमलं!

सकाळी रागारागानं लॅपटॉप उघडला आणि काठाचे सगळे त्रिकोण निवडून काढूनच टाकले. नको काठ! कडेला नुसती टोकं राहिली. सॉफ्टवेअर त्या मोकळ्या जागी पांढरं दाखवतं, जणू काही राहिलंय. म्हटलं, दाखव. काही राहिलेलं नाही.

मग ते वाया गेलेले निळे चौकोन आठवले. टोकापासून टोकापर्यंत बरोबर आठ. ते छोटे नाहीत, बाकीची गोधडी मोठी आहे! हिरवेही तेवढेच कापले तर? सॉफ्टवेअरला बाजूचं माप दिलं, साडेपाचच्या जरा वर. या वेळी बाजू! आणि बसलं की हो. आडवे चार, उभे सहा, आणि त्यांच्या मधल्या जागांत आणखी पंधरा. बत्तीस इंच रुंद, अठ्ठेचाळीस लांब. बाळाला अगदी पुरे.

निळे बारा होतेच, त्या पट्ट्यातून तीन निघाले. पंधराच्या पंधरा आत. हिरवे सगळे बाहेरून. अर्धा कुणीच नाही.

तात्या मागे येऊन उभे होते, कळलंच नाही. गुरुवारपासून आमचं बोलणं 'मीठ', 'औषध' एवढंच होतं.

"म्हणजे आता आपण काठावर," ते म्हणाले.

"हो. काही अडचण?"

वाकून त्यांनी स्क्रीनवरचे चौकोन मोजले. मग म्हणाले, "दातेरी कड शिवायला त्रास होईल तुला."

"होऊ दे."

हिरवी साडी कापायला घेतली. माझ्या डोहाळजेवणाची. जराही वाईट वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अपेक्षाला नवी प्रिंट पाठवली. खाली काही लिहिलं नाही. काय लिहायचं?

संध्याकाळी तिचाच फोन. "आई, कड वळवताना प्रत्येक खाचेत एक छोटी कात्री मारा, नाहीतर कापड गोळा होईल."

बाकी काही बोलली नाही. पण जीव भांड्यात पडला माझा. फोन ठेवल्यावर थोडं रडले. मोकळं वाटलं.

२ मार्च, रविवार

वरचं कापड जोडून झालं. अपेक्षा बाळंतपणाला माहेरी गेलीय. यज्ञेशनं गोधडी बाइकवरून कशेळ्याला नेली. खालचा पदर आणि धावदोरा चंद्राबाई घालणार. त्यांनीच मागितलं, मी नाही म्हणणार होते थोडीच!

दुपारी त्यांचा फोन. पहिल्यांदाच आम्ही दोघी अशा बोललो, मधे पोरं नसताना.

"विहीणबाई, काठ इसरलात काय हो? समद्या बाजूंनी दातं हायत हिला. पोराला चावंल!"

"विसरले नाही. काढून टाकला."

"आमी तर काठ पयला धरतो, मंग आत जातो." मग आवाज खाली आणला. "पोरीनं सांगितलं मला. कशापायी काढलात ते." मग म्हणाल्या, "मऊ हाय तुमची साडी. सुई बगा कशी जाते, लोण्यात गेल्यावानी. आन् उन्हाळ्याचं पोर हाय, म्या दोनच पदर लावते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याच म्हणाल्या, "बरं, ठेवते. भात उतरवायचा हाय."

९ मार्च

तात्या दोनदा विचारून गेले, कुठवर आलं. गोधडीबद्दल विचारतात. गोधडीबद्दलच विचारतात, असं मी धरून चालते.

२५ मार्च, मंगळवार

मुलगी! कर्जतलाच, दवाखान्यात. पहाटे. यज्ञेश फोनवर हसत होता की रडत होता, कळेना.

तात्यांना सांगितलं. "वजन?" पावणेतीन किलो. मान हलवली. मी आत वळले तर मागून, "आणि तिची तब्येत?"

"कुणाची?" मला कळलं होतं. तरी विचारलं.

"आईची. मुलीच्या आईची."

"बरी आहे."

दोन वर्षांत नाव अजून तोंडात आलेलं नाही. पण विचारलं. मी पेढे आणायला गेले, सुटे पैसे घ्यायला विसरले, परत आले, पाकीटच सापडेना. अशी गत!

२९ मार्च, शनिवार

कशेळ्याला जाऊन आले. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाच्या तरी कोंबड्या होत्या, पण मला काही वाटलं नाही.

नात काय गोड आहे! मूठ इतकी घट्ट की बोट सोडवावं लागतं. गोधडीवर झोपली होती. पंधरा निळ्यांच्या बरोबर मधे. चंद्राबाईंनी प्रत्येक चौकोनात धावदोरा आतून बाहेर फिरवत नेलाय, टाके कसे एकसारखे! मी हात फिरवत बसले. त्या म्हणाल्या, "दातं काय चावलं नाय अजून," आणि दोघी हसलो. चहा झाला, तांदळाची भाकरी झाली, मी दोन खाल्ल्या, तिसरी त्यांनी न विचारता वाढली.

निघताना मी अपेक्षाला विचारलंच. तोंड आवरत नाही माझं. "सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन येशील ना गं, आपल्याकडे?"

तिनं माझा हात धरला. "आई, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्हाला माहितीये. पण माझं उत्तर तेच."

घरी आल्यावर तात्या दारातच. "कशी आहे?"

"छान आहे. नाक आपल्यासारखं. आणि अपेक्षा तिला घेऊन इथे येणार नाही, तात्या. तुम्ही तिच्याशी बोलत नाही म्हणून. संक्रांतीला सांगितलंय तिनं मला. आज परत सांगितलं."

हे मी त्यांना इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून बोलावं असं वाटत होतं. आज राहवलं नाही. त्यांनी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभी करून आत आले तर तात्या माझा फोन हातात घेऊन बसलेले. "तिला लावून दे." मी लावला, स्पीकर दाबायला गेले. "नको." खोलीत गेले, दार ओढून घेतलं. मी बाहेर उभी. हो, कान देऊन उभी!

"अपेक्षा, मी तात्या बोलतोय." आत खाट करकरली. मग: "तुझ्या घरी मी येऊ का गं?"

पुढे तिचंच बोलणं चाललं असावं, ते नुसतं हं, हं करत होते. तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही. दार उघडून बाहेर आले, डोळे लाल, आणि माझ्यावरच ओरडले, "धुतलेलं धोतर कुठाय?"